ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का? ऑर्डर देण्याआधी टेप काढा

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी ३३० मिमी. मी आणलेलं कार्ड ३२० मिमीचं. दहा मिलिमीटर उरतात म्हणून मी निर्धास्त होतो. जुनं कार्ड काढलं, नवं तिरपं धरून आत सरकवलं, तर त्याचं टोक समोरच्या पंख्याच्या चौकटीला जाऊन टेकलं. माहितीपत्रकातला आकडा खोटा नव्हता, पण तो पंखे न लावलेल्या रिकाम्या कॅबिनेटचा होता. पंख्याची जाडी २५ मिमी, म्हणजे माझ्याकडे खरी जागा ३०५ मिमीच. शेवटी समोरचे पंखे चौकटीच्या आतून काढून बाहेरच्या बाजूने, जाळीच्या मागे बसवले तेव्हा कुठे काम झालं. तिथे जागा नसती तर कार्ड परत पाठवायची वेळ आली असती.

तेव्हापासून कुणी विचारलं की "हे कार्ड माझ्या कॅबिनेटमध्ये बसेल का?", तर मी कॅबिनेटचं मॉडेल विचारत नाही. झाकण उघडा आणि मोजा, एवढंच सांगतो. कसं मोजायचं ते पुढे लिहिलं आहे. पहिल्यांदाच कॅबिनेट उघडणाऱ्यालाही अर्ध्या तासात जमेल.

तयारी

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत: मेजरिंग टेप किंवा लांब फूटपट्टी, मोबाइलचा टॉर्च, कागद-पेन, आणि एक रिकामं खोकं व कात्री. खोकं कशाला ते नंतर कळेल. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून कामाला लागा. सगळी मापं मिलिमीटरमध्येच घ्या. कार्डांचे आकडे मिमीमध्येच येतात, त्यात इंच मिसळले की चूक झालीच म्हणून समजा.

आधी कार्डाचे तीन आकडे

कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नेमक्या त्याच मॉडेलचं पान उघडा. 'नेमक्या त्याच' यावर भर आहे, कारण चिप एक असली तरी कार्डाची अंगकाठी कंपनीगणिक बदलते. एनव्हिडियाने स्वतः काढलेलं आरटीएक्स ४०७० फाउंडर्स एडिशन २४४ मिमी लांब आहे, पण त्याच चिपची इतर कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डं ३०० मिमीच्या आसपास जातात. त्यामुळे 'मित्राकडे ४०७० बसलं' या माहितीचा उपयोग शून्य.

त्या पानावर तीन मापं दिसतील. इथे एक घोळ असतो. कुणी उंचीला रुंदी म्हणतं, कुणी जाडीला उंची म्हणतं, आणि तिन्ही मापांचा क्रमही ठरलेला नसतो. नावं वाचूच नका, आकडे बघा. सगळ्यात मोठा आकडा म्हणजे लांबी, सगळ्यात लहान म्हणजे जाडी आणि मधला म्हणजे उंची. उंची म्हणजे मदरबोर्डपासून (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) बाजूच्या काचेच्या, म्हणजे कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाच्या दिशेने कार्ड किती बाहेर येतं ते. नेहमीच्या आकाराच्या कार्डांना हे जुळतंच.

लांबी

कॅबिनेटच्या मागच्या भिंतीवर उभ्या रांगेत पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या म्हणजे स्लॉटची, कार्ड बसवायच्या खाचांची, झाकणं. कार्डाची धातूची पट्टी तिथेच आतून टेकते, म्हणून टेपचं टोक त्या भिंतीच्या आतल्या बाजूला लावा. तिथून पुढे, समोरच्या बाजूला जे पहिलं काही आडवं येतं तिथपर्यंत मोजा. पहिलं आडवं म्हणजे कॅबिनेटची पुढची भिंतच असेल असं नाही. पंखा, रेडिएटर (पाण्याच्या कूलरची जाळी), हार्ड डिस्कचा पिंजरा, केबलचा जाड गठ्ठा, यातलं जे आधी लागेल ते.

मोजायचं कुठल्या उंचीवर, हेही महत्त्वाचं. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड स्लॉटपासून खाली लोंबतं. म्हणून मदरबोर्डवरचा सगळ्यात वरचा लांब स्लॉट शोधा आणि त्याच्या पातळीपासून खाली साठेक मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी टेप लावा. एखाद्या कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या समोर मोकळी जागा असते आणि बरोबर ४० मिमी खाली पिंजऱ्याचा कोपरा पुढे आलेला असतो. वरच्या वर मोजलं तर तो सुटतो.

पाण्याने थंड होणारा कूलर समोर लावला असेल तर हिशोब आणखी आवळतो. अशा रेडिएटरची नेहमीची जाडी २७ मिमी, त्यावर पंखा २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी गेलेच. दोन्ही बाजूंना पंखे असतील तर ७७. माहितीपत्रकात '३८० मिमी' वाचून खूश झालेल्या माणसाच्या हातात शेवटी ३०३ मिमी येतात ते असे. काही कंपन्या 'समोर पंखा लावून' असं स्पष्ट लिहितात, तेव्हा तो आकडा विश्वासाने घ्यावा. काही लिहिलं नसेल तर तो आकडा रिकाम्या कॅबिनेटचा आहे असंच धरून चाला.

जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा स्क्रूंवर असेल तर तो काढता येतो आणि शंभरेक मिलिमीटर जागा फुकट मिळते. रिव्हेट मारलेला असेल तर मात्र त्याच्या नादी लागू नका. ड्रिल करून काढणारे आहेत, पण पत्र्याचा कीस मदरबोर्डवर उडाला तर कार्डापेक्षा मोठा खर्च उभा राहील.

आता मोजलेल्या लांबीतून कमीत कमी १० मिमी वजा करा. शक्य असेल तर २० करा. हा फरक नुसता मनाच्या समाधानासाठी नाही. कार्ड आत सरळ जात नाही, आधी थोडं तिरपं करून मागची पट्टी भिंतीला लावावी लागते आणि मग ते स्लॉटवर दाबायचं असतं. शिवाय बऱ्याच कॅबिनेटना बाजूच्या उघड्या कडेला पत्र्याची दुमडलेली किनार असते. आत ३२० मिमी जागा असते आणि तोंड ३१२ चं, अशी गत. डब्यात लाडू मावतो पण डब्याच्या तोंडातून जात नाही, तसलाच प्रकार. म्हणून आतलं अंतर आणि त्या किनारीपाशी असलेलं अंतर, दोन्ही मोजा आणि त्यातलं लहान धरा.

जाडी

जाडी स्लॉटमध्ये सांगतात. दोन शेजारच्या स्लॉटमधलं अंतर ठरलेलं आहे, २०.३२ मिमी. म्हणजे दोन स्लॉटचं कार्ड साधारण ४० मिमी आणि तीन स्लॉटचं ६० मिमी. मधले आकडेही दिसतात, २.२, २.५, २.७ वगैरे. यात फसू नका. २.२ स्लॉटचं कार्ड तिसऱ्या स्लॉटमध्ये शिरतंच, त्यामुळे ते तीन स्लॉट धरायचं. कार्डाच्या मागच्या पट्टीवरूनही अंदाज बांधू नका. पट्टी दोन स्लॉटची आणि पंखे अडीच स्लॉटपर्यंत आलेले, अशी कार्डं सर्रास आहेत.

कॅबिनेटमध्ये लांब स्लॉटच्या समोरचं झाकण पहिलं धरून खाली मोजत जा. त्या जागेत दुसरं काही आहे का? वायफायचं किंवा साउंडचं कार्ड असेल तर ते झाकलं जाईल. मदरबोर्डच्या खालच्या कडेला पुढच्या यूएसबीच्या आणि पॉवर बटणाच्या वायरी लागतात, त्या बोर्डावर सरळ उभ्या राहतात. लहान मदरबोर्डवर जाड कार्डाचं पोट नेमकं त्यांच्यावर येतं. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबलचंही तेच. कनेक्टर आडवे असतील तर प्रश्न नाही, उभे असतील तर काटकोनी टोकाची केबल घ्या.

त्याच्या खाली पॉवर सप्लायवरचं पत्र्याचं आवरण असतं. कार्डाचे पंखे तिथून हवा ओढतात. कार्ड आवरणाला जवळजवळ टेकत असेल तर ते 'बसलं' असं म्हणता येईल, पण पंखे उपाशी राहतील आणि कार्ड तापेल. मी तरी तिथे किमान २० मिमी मोकळे ठेवतो.

अगदी छोट्या मदरबोर्डवर, म्हणजे १७० बाय १७० मिमीच्या मिनी आयटीएक्स बोर्डवर, उलट्या दिशेनेही बघावं लागतं. तिथे स्लॉट प्रोसेसरच्या इतका जवळ असतो की मोठ्या कूलरची क्लिप कार्डाच्या पाठीला घासू शकते.

उंची, आणि सगळे विसरतात ती केबल

मला विचाराल तर खरी फसगत इथे होते. लांबी सगळे बघतात. काच लागत नाही म्हणून रडणारे मात्र दर वेळी नवे भेटतात.

साध्या पूर्ण आकाराच्या कार्डाची उंची १११ मिमी असते. अशा कार्डाची वरची, म्हणजे काचेकडची कड, मागच्या पट्टीचा स्क्रू जिथे बसतो साधारण त्या पातळीला येते. आजची मोठी कार्डं याच्या बरीच वर जातात. आरटीएक्स ४०९० फाउंडर्स एडिशन १३७ मिमी उंच आहे, आणि इतर कंपन्यांची काही कार्डं त्याहूनही उंच आहेत.

यावरून एक सोपी युक्ती निघते. स्क्रूच्या त्या पातळीपासून बाजूच्या काचेच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत किती जागा आहे ते मोजा. काच काढलेली असेल तर कॅबिनेटच्या कडांवर आडवी फूटपट्टी ठेवा, ती काचेच्या जागी धरायची. समजा अंतर ५० मिमी आलं आणि कार्डाची उंची १३७ मिमी आहे. १३७ मधून १११ गेले, २६ उरले. म्हणजे कार्ड स्क्रूच्या वर २६ मिमी येणार आणि काचेपर्यंत उरणार २४ मिमी. काच लागेल, पण वायर?

पॉवरचा प्लग बहुतेक कार्डांवर याच वरच्या कडेला असतो आणि वायर काचेच्या दिशेनेच बाहेर येते. जुन्या ८ पिनच्या प्लगला आणि त्याच्या वळणाला मिळून ३० ते ४० मिमी लागतात. २०२२ नंतरच्या बऱ्याच कार्डांवरच्या नव्या १६ पिनच्या कनेक्टरबाबत जास्त जपावं लागतं. प्लगपासून पहिले ३५ मिमी वायर सरळ जाऊ द्यावी आणि मगच वळवावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. काचेने दाबलेली वायर प्लगला हळूहळू तिरकं ओढत राहते. म्हणून वरच्या उदाहरणातले २४ मिमी मी नापास करेन, काच लागली तरी.

मार्ग आहेत. काही कार्डांमध्ये प्लगची जागा खोलगट असते, तिथे थोडी सूट मिळते. तुमच्या पॉवर सप्लायच्या कंपनीचीच काटकोनी वळणाची केबल मिळत असेल तर ती घ्या. कार्ड उभं, काचेला समांतर बसवायचा एक प्रकारही आहे. दिसतं छान, पण त्यासाठी कार्ड आणि स्लॉट जोडणारी वेगळी रायझर केबल लागते आणि जाड कार्डाचे पंखे काचेला चिकटतात. जागा कमी पडते म्हणून हा उपाय करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पुठ्ठ्याचं कार्ड

आता ते खोकं. तिन्ही मापं कागदावर आली की खोक्याच्या पुठ्ठ्यातून कार्डाच्या लांबी-उंचीचा आयत कापा. तसाच दुसरा कापा, आणि दोघांच्या मध्ये जाडीइतक्या पट्ट्या चिकटवून एक डबा बनवा. सुबक नको, मापात हवा. वर प्लगची जागा पेनाने नोंदवा. ती कार्डाच्या फोटोवरून कळते, बहुधा मध्यावर किंवा पुढच्या टोकाकडे असते.

हा डबा खऱ्या कार्डासारखा आत न्या. जुनं कार्ड असेल तर आधी काढून ठेवा. मागचं टोक भिंतीला, खालची कड स्लॉटवर. स्लॉटमध्ये तो शिरणार नाही, नुसता टेकेल, म्हणून खऱ्या कार्डापेक्षा काही मिलिमीटर वर राहील हे ध्यानात ठेवा. आता टॉर्च मारून कडेकडेने बघा. पंख्याची वायर कुठे अडकते, यूएसबीचा प्लग पोटात टोचतो का, रेडिएटरची नळी कुठे घासते. पुठ्ठा लबाड असतो. जरा जोर दिला की वाकतो आणि 'बसलो' म्हणतो. कुठेही वाकला, चेपला, कोपरा मुडपला, तर तिथे खरं कार्ड बसणार नाही हे कबूल करायचं. मी पहिल्यांदा बनवला तेव्हा त्याचा पुढचा कोपरा दोन मिलिमीटर चेपला आणि मी स्वतःशी म्हटलं, एवढ्याने काय होतं. पण कार्ड पत्र्याचं आणि प्लास्टिकचं, ते दोन मिलिमीटर मागे सरत नाही.

हा पोरखेळ वाटेल, पण टेपने जे सुटतं ते इथे सापडतं.

पॉवर सप्लाय पुरेल का

मावणं म्हणजे फक्त आकार नाही. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्यावर ६ पिनचा प्लग ७५ आणि ८ पिनचा १५० वॅट देतो, तर नव्या १६ पिनची मर्यादा ६०० वॅट आहे. पॉवर सप्लायमधून असे किती प्लग निघतात ते मोजा आणि कार्डाला हवेत तितके आहेत का बघा. अंदाजासाठी सांगतो: आरटीएक्स ४०६० ची गरज ११५ वॅट आणि एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटच्या पॉवर सप्लायची. ४०९० साठी हेच आकडे ४५० आणि ८५०.

एक सक्त ताकीद. पॉवर सप्लायच्या सुट्या होणाऱ्या केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला लावू नका. प्लग हुबेहूब बसतो, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि एका क्षणात कार्ड जळतं.

तयार मिळणारे छोटे कॉम्प्युटर

ऑफिसात वापरतात ते बारीक, आडवे ठेवायचे डेस्कटॉप असतील तर वरचं निम्मं गणित लागूच होत नाही. त्यात अर्ध्या उंचीची, म्हणजे सुमारे ६९ मिमीची कार्डंच बसतात आणि त्यांना छोटी पट्टी लागते. कार्डाच्या खोक्यात छोटी पट्टी दिली आहे का, ते आधी तपासा. अशा यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये कार्डासाठी वेगळा प्लगही बहुधा नसतो, त्यामुळे स्लॉटच्या ७५ वॅटमध्ये भागणारं कार्ड शोधावं लागतं. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटमध्ये चालते आणि अर्ध्या उंचीतही मिळते. स्लॉट जुन्या पिढीचा आहे म्हणून घाबरू नका, नवं कार्ड जुन्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं आणि चालतं. वेग थोडा कमी होईल इतकंच.

बसवताना

मोजमाप जुळलं, कार्ड आलं. स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते, ती आधी उघडा. लागतील तितकी मागची झाकणं काढा. एक जास्तीचं काढून ठेवलं तर उगाच धूळ शिरते. कार्ड दोन्ही हातांनी धरून सरळ दाबा, खिट्टीचा 'टक्' आवाज आला पाहिजे. मागचे स्क्रू लावा. जाड कार्ड ही खिट्टी पूर्ण झाकून टाकतं, त्यामुळे पुढे कधी कार्ड काढायचं झालं तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने ती दाबायची. स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर मदरबोर्डवर ओरखडा पडतो.

मोठी कार्डं दोन किलोच्या वर जातात आणि पुढचं टोक झुकतं. खोक्यात टेकू दिला असेल तर तो लावा, नसेल तर वेगळा आणा. टेकू उभा राहायलाही खाली जागा लागते, ती जाडी मोजतानाच बघून ठेवायची.

पॉवरचा प्लग शेवटपर्यंत दाबा. प्लग आणि कार्ड यांच्यात फट दिसत असेल तर तो बसलेला नाही. मग काच लावा, पण स्क्रू न आवळता. नुसती जागेवर ठेवून हात काढा. ती स्वतःहून चौकटीला टेकून राहिली तर स्क्रू लावा. एखाद्या बाजूने उचलली जात असेल तर वायर दाबली जाते आहे, ती काच बोटाने दाबून स्क्रू लावू नका. कॉम्प्युटर काचेशिवाय चालू ठेवून काटकोनी केबल येईपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. फक्त घरात मांजर असेल तर तिला त्या खोलीत येऊ देऊ नका.